"आपल्यात असलं नव्हतं" म्हणणाऱ्या आईच्या लेकीला

बाय,

तू गेलीस तेव्हा सात वाजून गेले होते, बस मिळाली की नाही ते कळवलंस नाही पण रात्री तुझं स्टेटस बघितलं, म्हटलं पोचली. तुला मुली आवडतात, ते घरी कळलं, तू सगळं बोललीस आणि म्हणालीस टीचर काहीतरी बोला ना, आणि मी चहा ठेवायला आत गेले. मला विचार करायला वेळ हवा होता. चार दिवस केला. आता लिहिते, लांबणार आहे, सावकाश वाच.

तुझी आई म्हणाली "आपल्यात असलं कधी नव्हतं." हे वाक्य तू पाच-सहा वेळा तरी म्हणालीस. तिनं हात उचलला, मोबाईल काढून घेतला, ते सगळं एकदाच सांगितलंस, हे मात्र परत परत. मला वाटतं ते लागलं कारण त्या 'आपल्यात' तू उरली नाहीस. मी 33 वर्षं हायर सेकंडरीत इतिहास शिकवला, तेव्हा या एका शब्दाबद्दल मला बोलू दे.

माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी वाड्यावरच्या म्हाताऱ्या कुणबी बायका कापड खांद्यावर गाठ मारून नेसायच्या, चोळी नाही, आणि त्यात कुणाला काही वाटायचं नाही. पुढे त्यांच्यातल्याच एका सुनेनं पोलकं घातलं तर बायका तिला हसल्या, ही कोण मोठी भाटकारीण, जमीनदारीण लागून गेली म्हणून. आणि आज पोलक्याशिवाय कुणी दारात उभी राहू दे बघू. शंभर वर्षं पण झाली नाहीत गो! लाज तीच, जागा बदलली. आजी चौदाव्या वर्षी लग्न होऊन आली, नवऱ्याचं नाव तिनं मरेपर्यंत घेतलं नाही, आणि शिगम्यात मात्र बायकांच्या घोळक्यात अशी गाणी म्हणायची की माझ्या आईचे कान लाल व्हायचे. माझ्या आईला ती गाणी येत नव्हती, मला तर एकही ओळ माहीत नाही. आता यातलं 'आपल्यातलं' कुठलं धरायचं?

आणखी मागे जाऊ. आपली भाषा जिच्या पोटातनं आली त्या महाराष्ट्री प्राकृतातली गाथासप्तशती बघ, सातवाहनांच्या हाल राजाच्या नावावर आहे, त्यात गोदावरीकाठच्या बायका आपल्या इच्छेबद्दल इतक्या सरळ बोलतात की मी वर्गात त्यातल्या निम्म्या गाथा वाचू शकले नसते. मग आपल्या गोव्यात पोर्तुगीज आले, 1560 ते 1812 इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, मधली थोडी वर्षं सोडली तर. 1736 च्या फर्मानानं लग्नात बायकांनी ओव्या गाण्यावर सुद्धा बंदी घातली. पुरुषानं पुरुषाशी संबंध ठेवला तर तोही इन्क्विझिशनचा गुन्हा, पोर्तुगालात त्यापायी माणसं जाळली. आणि त्याच पोर्तुगालात 2010 पासून दोन बायकांचं किंवा दोन पुरुषांचं लग्न कायदेशीर आहे.

पण थांब, इथे मी तुला एका गोष्टीपासून अडवणार आहे. तू त्या दिवशी मोबाईलवर देवळावरच्या शिल्पांचे फोटो दाखवलेस, म्हणालीस हे बघा टीचर, पूर्वी सगळं मोकळं होतं, ब्रिटिशांनी आणि पोर्तुगीजांनी बिघडवलं. तुझ्या वयाच्या पुष्कळ मुलामुलींना हे आवडतं आणि मला कळतं का आवडतं. पण तू फोंडा महालात वाढलीस. इथल्या देवळांत कलावंत होत्या, भाविणी होत्या, देवाच्या सेवेला वाहिलेल्या बायका. मुलीचा शेंस नावाचा लग्नासारखा विधी व्हायचा, ती देवाची व्हायची आणि मग कुठल्यातरी यजमानाची, आणि तिला कुणी विचारायचं नाही. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, त्या घरांतनं आलेला सूर सगळ्या देशानं डोक्यावर घेतला, पण गावातल्या लग्नाच्या पंगतीत त्यांच्या घरच्यांना बसवताना नाक मुरडणारे लोक मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत. राजाराम पैंगणकरांसारखे लोक त्या समाजातनंच उठले आणि म्हणाले बस झालं, आमच्या मुली शाळेत जातील. त्याच गोमंतक मराठा समाजातले भाऊसाहेब बांदोडकर 1963 मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. म्हणून सांगते, पूर्वीचं 'मोकळं' कुणासाठी मोकळं होतं ते आधी विचारत जा. शिल्पं दाखवून आईशी भांडू नकोस, त्या शिल्पांच्या आतल्या बाईला होकार-नकार नव्हता. तुला आहे. तुझी बाजू त्यावर उभी कर.

होकार म्हटलं की मला रखमाबाई आठवतात, मुंबईच्या. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेलं, मोठी झाल्यावर म्हणाल्या या माणसाकडे मी नांदायला जाणार नाही. 1887 मध्ये कोर्टानं सांगितलं जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या तुरुंग चालेल. लोकांनी काय काय लिहिलं त्यांच्याबद्दल, धर्म बुडाला, घरं मोडणार, लोकमान्य टिळकांसारखा माणूस सुद्धा विरोधात. पुढे त्या डॉक्टर झाल्या. आणि 1891 मध्ये संमतीवयाचा कायदा आला त्यात वय किती होतं माहितीय? बारा. दहाचं बारा केलं म्हणून एवढा गदारोळ. आज तुझी आईच बारा वर्षांच्या मुलीचं ऐकलं तर पोलिसात जाईल, आणि त्या काळात बाराला विरोध करणारे म्हणत होते की 'आपल्यात' असंच चालत आलंय.

मग र. धों. कर्वे. यांच्याबद्दल मी वर्गात बोलायला हवं होतं आणि बोलले नाही. महर्षी कर्व्यांचा मुलगा, गणिताचा प्राध्यापक. 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी काढलं, म्हणजे बघ आपण काही मागे नव्हतो. त्यापायी नोकरी गेली. 1927 पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, बायको मालतीबाई पाठीशी होत्या म्हणून चाललं. लोक पत्रं लिहून विचारायचे, हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल, आणि ते सरळ उत्तरं द्यायचे. त्यावरनं 1934 मध्ये अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा कोर्टात त्यांच्या बाजूनं कोण उभं राहिलं? डॉ. आंबेडकर. लोकांनी लैंगिक प्रश्न विचारले आणि जाणकारानं उत्तर दिलं तर त्यात अश्लील काय, हा मुद्दा. केस हरले, 200 रुपये दंड. आणि पुढे 1952 मध्ये सरकारनंच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला, 1953 मध्ये कर्वे गेले. मी लहान असताना आमच्या हेल्थ सेंटरच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला होता, त्याखाली बसून आम्ही बोरं खायचो. एका माणसाचं आयुष्य ज्यासाठी नासवलं ते पुढच्या पिढीच्या भिंतीवर सरकारी रंगानं लिहिलेलं.

गोव्याचं आणखी एक, बाहेरच्यांना हे खोटं वाटतं. घटस्फोट इथे 1910 पासून, पोर्तुगालात रिपब्लिक आल्यावर लगेच. बाकी देशात बहुतेक हिंदूंना कायद्यानं त्यासाठी 1955 पर्यंत थांबावं लागलं. आणि ते समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम, इंग्रजांनी 1860 मध्ये लिहिलेलं, ते गोव्यात मुक्तीनंतर आलं, भारताचे कायदे लागू झाले तेव्हा. म्हणजे तुझ्या आजीच्या तरुणपणी ते कलम इथे नव्हतंच!

आता जे लिहायला मला जड जातंय ते. 1989. म्हापशाजवळच्या पर्र्याचा एक तरुण, डॉमिनिक डिसोझा, नियमित रक्तदान करायचा. त्यातनं एचआयव्ही असल्याचं कळलं आणि 14 फेब्रुवारीला पोलिसांनी त्याला नेलं, बंद पडलेल्या टीबी सॅनिटोरियममध्ये 64 दिवस एकट्याला कोंडून ठेवलं, गोव्याच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती. त्याची आई लुसी हायकोर्टात गेली. तो सुटला पण कायदा कोर्टानं योग्यच ठरवला. पुढे 1992 मध्ये त्यानं पॉझिटिव्ह पीपल ही संस्था काढली आणि त्याच वर्षी गेला. मी तेव्हा नवीन टीचर होते. स्टाफरूममध्ये पेपर यायचा, सगळे बोलायचे, आणि काय काय बोलायचे ते मी इथे लिहिणार नाही. मी गप्प होते. काही वर्षांनी बारावीचा एक मुलगा वर्ग सुटल्यावर थांबला, म्हणाला टीचर मला मुली आवडत नाहीत, असं असतं का? मी त्याला म्हटलं आता परीक्षेवर लक्ष दे. तो हो म्हणाला, दप्तर उचललं आणि गेला. नंतर कधी भेटला नाही. त्याचं काय झालं मला माहीत नाही. तू समोर बसून बोलत होतीस आणि मला तो दिसत होता, म्हणून मी आत गेले.

कोर्टाचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. 2009 ला दिल्ली हायकोर्टानं 377 मधनं दिलासा दिला, 11 डिसेंबर 2013 ला सुप्रीम कोर्टानं तो काढून घेतला, 6 सप्टेंबर 2018 ला परत दिला, 2023 मध्ये लग्नाचा हक्क नाही म्हणाले. मधली एकच गोष्ट सांगते. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स, त्यांनी आपल्या पुरुष जोडीदाराबरोबर 2002 मध्ये फ्रेंच कायद्याखाली नातं नोंदवलं आणि उघडपणे गावात राहिले. 2014 च्या जानेवारीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली, म्हणजे ते कलम परत लागू होऊन दीड महिना झाला होता. कागदावर गुन्हेगार आणि त्याच कागदाच्या मालकाकडनं सन्मान. तेव्हा बाय, निकाल पुढे जातात, मागे येतात, तुझं जगणं त्यांच्या तारखांवर टांगून ठेवू नको.

पण एक जज्ज मात्र लक्षात ठेव. मद्रास हायकोर्टाचे आनंद वेंकटेश. 2021 मध्ये त्यांच्यासमोर दोन मुली आल्या, घरच्यांच्या विरोधामुळे मदुराईहून चेन्नईला पळून आलेल्या. जज्जसाहेब म्हणाले मला स्वतःलाच हा विषय नीट कळत नाही, आणि आधी मानसशास्त्राच्या जाणकाराकडे जाऊन बसले, मग निकाल दिला. त्याच केसमधनं पुढे 2022 मध्ये मेडिकल कमिशननं सांगितलं की असल्या मुलांना 'बरं करतो' म्हणणारे उपचार म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन. तुझा काका कुठल्या डॉक्टरचं नाव सांगतोय ना, त्याला हे सांग. जायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 मध्येच हे आजारांच्या यादीतनं काढलंय. मन फारच बुडायला लागलं तर 14416 ला फोन कर, सरकारी आहे, फुकट आहे, मला तर रात्री दोनला पण कर.

आणि घराबाहेर काढू, एक कवडी देणार नाही हे जे बाबा बोलले, त्यावर रडू नको. गोव्यात वारसाचा कायदा वेगळा आहे, आईबापांना आपल्यातल्या अर्ध्याच मालमत्तेचं मृत्युपत्र मनाप्रमाणे करता येतं, बाकी अर्धं मुलांचं ठरलेलं, आणि मुलाला त्यातनं काढायची कारणं कायद्यात मोजकीच आहेत. हे भांडायला सांगत नाही, झोप लागावी म्हणून सांगते. पण आधी एमए पूर्ण कर, नोकरी धर, वेगळं भाडं भरता येईल एवढं कर. त्याआधी गावभर सांगायची घाई नको. बाहेरचे लोक समजतात गोवा म्हणजे सगळं चालतं, अंजुण्याला हिप्पी आले, बीच आहेत. तुला माहीत आहे वाड्यावर काय चालतं.

काल तुझ्या आईचा फोन आला. दहा मिनिटं नारळाचे भाव, सुपारी महाग, हेच. मग म्हणाली "टीचर, तिला म्हातारपणी कोण गो बघणार?" 'आपल्यात' हा शब्द तिनं एकदाही काढला नाही. मी म्हटलं येऊन बस माझ्याकडे, बोलू. ती येते म्हणाली, कधी ते नाही सांगितलं.

चवथीला तू घरी जाणारच आहेस. एक दिवस आधी जा. गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधताना तिचा हात वरच्या दांड्याला पुरत नाही, दरवर्षी तूच बांधतेस ना.

तुझी,
टीचर