काउन्सेलरने पहिल्याच भेटीत नवरा-बायकोला वेगवेगळं का बोलावलं?

ताई, तुम्ही विचारलंय की कपल काउन्सेलिंगला गेल्यावर मॅडमनी दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारले, त्यावरून मिस्टर चिडलेत, तर असं करतात का. हो, करतात, आणि करायलाच पाहिजे. मी कोथरूडमध्ये हेच काम करते, जो काउन्सेलर हे करत नाही त्याच्याकडे मी माझ्या सख्ख्या बहिणीला पाठवणार नाही.

ज्याची भीती वाटते तोच शेजारच्या खुर्चीत बसलेला असताना कोण खरं बोलेल? आणि बोललीच एखादी, तरी सेशन संपल्यावर त्याच्याच गाडीवर मागे बसून घरी जायचं असतं, मग त्या बोलण्याचा वचपा घरी निघतो. म्हणून घरात मारहाण किंवा धाक असेल तर आम्ही जोडीने सेशन सुरूच करत नाही. जोडीच्या सेशनमध्ये दोघांनी थोडं थोडं बदलायचं असतं, पण मार खाणाऱ्या बाईने नेमकं काय बदलायचं? 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याचे जे नियम 2006 मध्ये आले त्यातसुद्धा कोर्टाने लावलेल्या काउन्सेलिंगमध्ये हिंसेचं समर्थन करायला परवानगीच नाही, "तिने उलट उत्तर दिलं म्हणून मारलं" हे तिथे चालत नाही.

नुसतं "तो मारतो का" विचारलं तर बऱ्याच जणी नाही म्हणतात, कारण एखाददुसरी थप्पड त्यांच्या लेखी मारणं नसतंच. म्हणून मी विचारते की भांडण झालं की घरात काय काय होतं, त्याची भीती वाटते का, तुझा फोन कोण बघतं, माहेरी मोकळेपणाने बोलता येतं का, मनाविरुद्ध संबंध येतात का, पगार कुणाच्या हातात जातो (हिंजवडीत चांगल्या पगारावर असलेल्या मुली पेट्रोलला पैसे मागून घेतात, हे मी पाहिलंय). आणि गळा कधी दाबलाय का, एकदा का होईना, हे विचारल्याशिवाय मी उठत नाही. वरून वळ दिसला नाही तरी पुढे जिवाला धोका असल्याचं ते फार गंभीर लक्षण आहे. नवऱ्यालाही हेच प्रश्न असतात, त्रास पुरुषालाही होऊ शकतो.

आता मिस्टरांच्या चिडण्याचं. थोडी कुरकुर बरेच जण करतात, त्यावरून मी काही ठरवणार नाही. पण "आत काय सांगितलंस" असं खोदून खोदून विचारत असतील आणि तुम्ही जाताना काय बोलायचं ते आधीच जुळवून नेत असाल, तर हे मॅडमना एकटीत नक्की सांगा. तुमचं बोलणं मिस्टरांपर्यंत जाणार नाही ना, हेही आधी विचारून घ्या. तुमचा फोन ते बघत असतील तर दुसऱ्या कुणाच्या फोनवरून 181 ही महिला हेल्पलाइन लावा, ते अंगावर धावून आले तर तातडीच्या मदतीचा 112, आणि अशा त्रासात बायकांना मदत करणारा पुणे पोलिसांचा भरोसा सेलही आहे. आणि तुमची एकटीची अपॉइंटमेंट वेगळ्या दिवशी मागा, म्हणजे ते बाहेर बाकावर बसलेले नसतील.