टाटा २०७ पिकअप अधूनमधून मिसिंग करते (एखादा सिलेंडर मध्येच मारत नाही), मिस्त्री पंप-नोजल (इंजिनात डिझेल फवारणारे) उतरवा म्हणतोय. उतरवू का?

नका उतरवू. निदान या आठवड्यात तरी नका.

तुम्ही लिहिलंय की गाडी २००५ ची टाटा २०७ डीआय आहे, दोन दिवस नीट चालते, मग चढाला झटके खाते, आणि गॅरेजमध्ये नेली की काहीच होत नाही. हे वाचून मला राहवलं नाही, कारण याच दुखण्यावर आमचे १६,४०० रुपये गेलेत. ते पान अजून वहीत आहे.

आमची गाडी २००४ ची. ओतूरहून मेथी-कोथिंबीर, सीझनला टोमॅटोचे क्रेट, रात्री भरायचे आणि माळशेज उतरून उजाडायच्या आत कल्याण मार्केट गाठायचं. गाडी मिस्टर चालवायचे, हिशोब माझ्याकडे. कधी कधी मीही केबिनमध्ये असायची.

२०१४ च्या पावसाळ्यात मिसिंग सुरू झालं. भरलेली गाडी जाताना कुरकुर नाही. येताना, रिकामी असताना, टोकावडे सोडून घाट लागला की इंजिन चारपैकी तीनच सिलेंडरवर चालायला लागायचं. मागून पांढरा धूर, ओढ गेलेली, धुक्यात मागच्या गाड्यांचे हॉर्न. वर खुबीला सपाटी लागली की पाच मिनिटांत सुतासारखी सरळ. ओतूरच्या गॅरेजला दाखवायला नेली की ठणठणीत.

माझ्या धाकट्या दिरांनी चार वर्षं वर्कशॉपमध्ये काम केलेलं. त्यांनी बघायच्या आधीच सांगितलं, पंप गेलाय. पंप उतरवला, चारही नोजल काढले, कॅलिब्रेशन (डिझेलचं माप जुळवणं) झालं. तिसऱ्या खेपेला टोकावड्याच्या पुढे पुन्हा तेच.

तेव्हा मी वही काढली. डिझेल कुठे, किती भरलं ते मी रोज लिहायची, आणि मिसिंग आलं की मिस्टर सांगायचे म्हणून तेही बाजूला लिहून ठेवलेलं. अकरा वेळा मिसिंग आलं होतं. अकराही दिवशी येताना मुरबाडला डिझेल भरलेलं नव्हतं. ज्या दिवशी भरलं त्या दिवशी एकदाही नाही. मी हे सांगितलं तर भावजी म्हणाले, "वहिनी, वहीत बघून इंजिन रिपेर होत नाही."

पंप खराब असता तर त्याला टाकीत किती डिझेल आहे हे कसं कळलं असतं? आणि नोजल कमजोर असते तर भरल्या गाडीला आधी जाणवलं असतं, रिकाम्या गाडीला नाही.

मिस्टरांनी मात्र ऐकलं. मुरबाडकडच्या एका जुन्या मिस्त्रींना वही दाखवली. त्यांनी बॉनेटही उघडलं नाही आधी. पाच लिटरचा स्वच्छ कॅन हौद्यात पुढच्या जाळीला बांधला, टाकीकडून येणारी लाईन सोडली आणि कॅनमधून पारदर्शक पाइप थेट फीड पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाला जोडला. हातपंप मारून हवा काढली आणि म्हणाले, चला घाट चढू. आख्खा घाट चढलो. एक झटका नाही.

मग टाकी उतरवली. आतली सक्शनची (डिझेल ओढून घ्यायची) नळी बाहेर काढली, खालचं तोंड अंगठ्याने दाबून धरलं, नळी पाण्याच्या बादलीत बुडवली आणि वरून फुंकर मारली. नळीच्या मधोमध, गंजाच्या तांबूस डागातून, मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक वर आले. टाकी अर्ध्याच्या वर असली की ते भोक डिझेलमध्ये बुडालेलं, म्हणून गाडी नीट. अर्ध्याखाली गेली, त्यात चढाला डिझेल एका बाजूला कललं, की भोक उघडं पडायचं आणि फीड पंप डिझेलऐवजी हवा ओढायचा. गंज आमच्यामुळेच. टाकी कायम अर्धीच ठेवायची सवय आणि तिच्या तळाशी साचलेलं पाणी कधी काढलं नाही. नवी नळी बसवली, टाकी धुतली, सगळं मिळून ९०० रुपये.

सक्शन बाजूची गळती अशीच फसवते. तिथे इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली ठिपका पडत नाही, म्हणून कुणी तिकडे बघतच नाही. तुमच्या गाडीत नळीच असेल असं नाही. फिल्टरच्या बँजो बोल्टचे (डिझेल जाणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर, तडकलेला रबर पाइप, ढिली क्लिप, फीड पंपाचा वॉल्व्ह, यातलं काहीही असू शकतं. पारदर्शक पाइपात बुडबुडे दिसले की मागे मागे शोधत जायचं.

भावजी आजही म्हणतात की पंप केला म्हणूनच गाडी टिकली. पंप केल्यावर तिसऱ्या खेपेला गाडी त्याच घाटात, त्याच धुरात उभी होती. तारीख वहीत आहे.

आता नोजलचं. तुमच्या गाडीचं ४९७ इंजिन म्हणजे चार सिलेंडर, ९७ मिलिमीटर बोअर (सिलेंडरचा व्यास). डिझेल आहे, त्यामुळे इंटरनेटवर प्लग-कॉइल बदला म्हणून जे सांगतात ते तुमच्या कामाचं नाही. मिसिंग चालू असतानाच गाडी आयडलला ठेवून एकेका नोजलचा पाइप-नट अर्धा आटा ढिला करायचा. ज्याचा ढिला केल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलेंडर मारत नाही. दर वेळी तोच सापडला तर नोजलवर संशय घ्या आणि तो एकच तपासून घ्या. कधी हा, कधी तो, असं असेल तर हवा किंवा चोंदलेला फिल्टर.

हे आधी लिहायला हवं होतं: ढिल्या पाइपासमोर हात धरू नका, डिझेलची धार कातडीतून आत जाते, थेट दवाखाना. कॉमन रेल इंजिनावर (नव्या पद्धतीचं, सगळ्या नोजलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारं) हे अजिबात करायचं नाही. कॅन सायलेन्सरपासून लांब बांधा. रिटर्न (जादा डिझेल परत नेणारा पाइप) टाकीतच जाऊ द्या, त्यामुळे कॅन लवकर संपतो. आणि पाणी कमी होत असेल, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, तर वरचं सगळं सोडा, हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) बघा.

खर्चाचं तुम्ही विचारलंय, पण पंपाचे आजचे दर मला माहीत नाहीत. गेल्या तीन वेळा मिसिंग आलं तेव्हा टाकीत डिझेल किती होतं आणि गाडी चढाला होती का, एवढं आठवून खाली लिहा.