मध्ययुगातले मठ आणि आजचा ऑनलाइन संवाद, यावर पेपर पाठवू का?

प्रश्न विचारणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं की ते इतिहासात एम.ए. करतायत, एका जर्नलने 'मध्ययुगीन धार्मिक संस्कृती आणि ऑनलाइन संवाद' या विषयावर पेपर मागवलेत, विषय वाचून आधी हसू आलं कारण या दोन गोष्टींचा काय संबंध, पण डोक्यातून जातही नाहीये, शिवाय लॅटिन येत नाही, तर पाठवायचा विचार करावा का.

करा की. मी युरोपातल्या मध्ययुगीन भक्तिसाहित्यावर काम करते आणि अशा आवाहनांना आलेले गोषवारे वाचायचं कामही काही वेळा केलंय, तर दोन्ही बाजू बघितल्यात म्हणून सांगते.

आधी एक सावध करते. या विषयावर आलेल्या गोषवाऱ्यांपैकी बरेच 'मठ म्हणजे त्या काळचं सोशल मीडिया' अशा वाक्याने सुरू होतात आणि तिथेच संपतात. मला खरंच वाईट वाटतं, कारण माणसाने वाचलेलं बरंच असतं, पण नुसतं 'हे त्याच्यासारखं आहे' म्हणून वाचणाऱ्याच्या हाताला काही लागत नाही. सारखेपणा दिसला तर तो कुठल्या पानावर दिसला, कोणाच्या अक्षरात दिसला, ते दाखवायचं. मी एक उदाहरणच देते.

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला माउंट ग्रेस नावाचा मठ होता, १३९८ साली स्थापन झालेला, कार्थूजियन पंथाचा. या पंथाचे साधू एका आवारात राहायचे पण प्रत्येकाचं घर वेगळं, मागे छोटीशी बाग, दिवसातला बराचसा वेळ एकट्याने आणि मौनात. प्रत्येक घराच्या दाराशेजारी भिंतीत एक कोनाडा आहे जेवण आत सरकवायला, आणि तो सरळ आरपार नाहीये, मध्येच काटकोनात वळतो, म्हणजे जेवण ठेवणारा आणि घेणारा एकमेकांना दिसूच नयेत. मठ १५३९ ला बंद पडला पण ते कोनाडे अजून बघायला मिळतात. आता इतकं एकटं राहणारी माणसं एकमेकांशी बोलायची कशी? तर पुस्तकांमधून. या पंथाचे नियम बाराव्या शतकात गीगो नावाच्या प्रमुखाने लिहून काढले, त्यात साफ म्हटलंय की आपल्याला तोंडाने उपदेश करता येत नाही तर हाताने करूया, म्हणजे ग्रंथ नकलून.

आणि याच माउंट ग्रेसमध्ये मार्जरी केम्पचं पुस्तक होतं. मार्जरी म्हणजे लिन गावातली चौदा मुलांची आई, जेरुसलेम, रोम, सांतियागोपर्यंत यात्रा करून आलेली, देवाच्या आठवणीने भर रस्त्यात हंबरडा फोडणारी बाई, जिने आपली कहाणी दुसऱ्यांकडून लिहवून घेतली. तिच्या पुस्तकाचं एकच हस्तलिखित उरलंय, साधारण १४४० चं, ते १९३४ मध्ये ओळखलं गेलं आणि आता ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच्या समासांमध्ये वेगवेगळ्या वाचकांच्या टिपा आहेत आणि त्यातला एक जण लाल शाईने लिहितो. मार्जरी रडते, कोसळते अशा ओळींच्या बाजूला हा माणूस लिहितो की आमचे फादर एम. पण असंच करायचे, प्रायर (मठप्रमुख) नॉर्टनचंही असंच व्हायचं. हे एम. म्हणजे रिचर्ड मेथली, दोघंही माउंट ग्रेसचेच साधू. बघा म्हणजे काय झालं, जिला तिच्या हयातीत कितीतरी लोकांनी ढोंगी म्हणून हिणवलं त्या बाईच्या रडण्याला दोन-तीन पिढ्यांनंतर जगापासून तुटलेल्या एका मठातला, तिला कधीही न पाहिलेला वाचक आपल्या माणसांची साक्ष काढून पाठिंबा देतोय, आणि तो हे कोणासाठी लिहितोय तर त्याच्यानंतर तेच पुस्तक उघडणाऱ्यासाठी. मला हे पान पहिल्यांदा नीट वाचता आलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलंच नाही.

आता यातून प्रश्न निघतो. अनोळखी माणसाने खाली लिहिलेल्या टिपेमुळे मूळ मजकुराची विश्वासार्हता वाढते का, आणि वाढली तर कोणाच्या नजरेत? मठात टीप लिहिणारा नाव लिहीत नाही पण वाचणाऱ्याला तो आपल्यातलाच आहे हे माहीत असतं. आज ऑनलाइन नाव असतं, फोटोही असतो, तरी तो 'आपल्यातला' आहे की नाही ते कळत नाही. हा फरक मला सारखेपणापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो आणि पेपर इथून उभा राहू शकतो.

दुसरं उदाहरण याच पंथाचं आहे, धावतं सांगते. पंथाचा संस्थापक ब्रूनो ११०१ मध्ये इटलीच्या दक्षिणेला कालाब्रियात वारला. तिथल्या साधूंनी एका निरोप्याच्या हाती चर्मपत्राची गुंडाळी दिली, तो इटली, फ्रान्स, इंग्लंड असं फिरत राहिला आणि प्रत्येक ठिकाणच्या लोकांनी त्यात ब्रूनोबद्दल चार ओळी, कोणी कविता, कोणी नुसतंच 'आम्ही प्रार्थना करू' आणि वर आमच्याही मेलेल्यांसाठी तुम्ही करा असं लिहिलं. अशा १७० हून जास्त नोंदी आहेत. मूळ गुंडाळी हरवली, पण सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ती छापली गेली म्हणून मजकूर वाचला. कोणी गेल्यावर ऑनलाइन श्रद्धांजली लिहितात त्याच्याशी हे ताडून बघायला हरकत नाही, फक्त त्या गुंडाळीत लिहिणं म्हणजे प्रार्थनेची जबाबदारी घेणं होतं हे विसरू नका.

उलट्या दिशेनेही जाता येतं, म्हणजे आजच्या ऑनलाइन जगात मध्ययुग कसं वापरलं जातं. 'देउस वुल्ट', देवाची तशी इच्छा आहे, ही क्रूसेडची, म्हणजे ख्रिश्चन धर्मयुद्धांची घोषणा आज मीम्समध्ये आणि द्वेष पसरवणाऱ्या पोस्ट्समध्ये सर्रास फिरते, जणू १०९५ मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँला पोपने धर्मयुद्धाची हाक दिली त्याचं रेकॉर्डिंगच आहे. प्रत्यक्षात पोप अर्बनच्या त्या भाषणाचे जे वृत्तांत आपल्याकडे आहेत ते सगळे नंतर लिहिलेले आणि एकमेकांशी न जुळणारे. गर्दीने तिथे घोषणा दिली असं रॉबर्ट नावाचा साधू सांगतो, फुल्शर ऑफ चार्ट्र हा त्याच काळातला इतिहासलेखक भाषणाचा मजकूर देतो पण त्यात ही घोषणा नाही. हे दोन वृत्तांत समोरासमोर ठेवून मग आजची पोस्ट वाचली की किती काय गाळलं गेलंय ते दिसतं. या विषयावर अभ्यासकांनी लिहावं असं मला फार मनापासून वाटतं, कारण आपण नाही लिहिलं तर ती जागा रिकामी राहत नाही, दुसरंच कोणीतरी भरतं.

लॅटिनचं म्हणाल तर मार्जरी इंग्रजीत आहे, मध्ययुगीन इंग्रजीत, पण महिनाभर रोज थोडं मोठ्याने वाचलं की कान सरावतो, आणि रॉचेस्टर विद्यापीठाच्या टीम्स मालिकेतली संपादित प्रत शब्दार्थांसकट ऑनलाइन फुकट आहे. हस्तलिखितांच्या स्कॅनसाठी स्वित्झर्लंडचं ई-कोडिसेस, फ्रान्सचं गालिका, व्हॅटिकनच्या ग्रंथालयाचं पोर्टल, केंब्रिजचं पार्कर लायब्ररी हे सगळं घरबसल्या उघडतं.

पण स्कॅन बघताना एक लक्षात ठेवा, स्कॅन म्हणजे पान नव्हे. जुन्या काळ्यापांढऱ्या मायक्रोफिल्ममध्ये लाल शाई आणि तपकिरी शाई सारखीच दिसते, म्हणजे मी वर सांगितलेला लाल शाईवाला बाकीच्या गर्दीत हरवूनच जातो. उलट त्याच हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर एक पुसट मजकूर होता, तो मल्टिस्पेक्ट्रल इमेजिंग, म्हणजे वेगवेगळ्या प्रकाशलहरींत फोटो काढून वाचला तेव्हा ती चक्क औषधाची कृती निघाली, साखर, बडीशेप, जायफळ, दालचिनी वगैरे घालून. साध्या डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते यंत्राने दाखवलं. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला तेव्हा तिथल्या डिजिटल हस्तलिखितांची पानं कित्येक महिने उघडत नव्हती, त्यामुळे जे पान वापराल त्याचा हस्तलिखित क्रमांक, पान क्रमांक आणि कधी बघितलं ती तारीख वहीत लिहून ठेवत जा, लिंक पुरत नाही. ही सुद्धा ऑनलाइन संवादाचीच बाजू आहे आणि तुमच्या पेपरात तिला एक परिच्छेद द्यायला काहीच हरकत नाही.

गोषवारा लिहिताना पहिल्याच वाक्यात पान आणू द्या. 'अमुक हस्तलिखिताच्या अमुक पानावर लाल शाईत अशी टीप आहे' इथून सुरुवात, मग तुमचा प्रश्न, मग आतापर्यंत लोक याबद्दल काय म्हणत आलेत आणि तुम्हाला त्यात काय पटत नाही, शेवटी आजच्या संवादाशी धागा. थिअरीची मोठी नावं दोनच ठेवा, तीही खरंच वापरणार असाल तर. शब्दमर्यादा दिली असेल ती पाळा, आणि संपादकांना एखादी शंका ईमेलने विचारायला लाजू नका, आवाहन काढणाऱ्यांना बहुतेक वेळा नवीन माणसं हवीच असतात.

हसू आलं होतं म्हणालात ना, ते कशामुळे आलं ते आज रात्री चार ओळींत लिहून बघा. दोन गोष्टी कुठे जुळत नाहीत हे तुम्हाला आधी दिसलंय, आणि मला वाटतं तुमचा पेपर तिथेच आहे. लिहून झालं की इथे खाली टाका, मी वाचेन.