कुत्र्याला छळून हसण्यात नेमकं चुकतं काय?

तुम्ही विचारलंय: मालवणच्या धक्क्यावर पोरं कुत्र्याच्या शेपटीला डबा बांधून हसतात, त्या हसण्यात चूक कुठली?

इंग्लिश तत्त्वज्ञ बेंथमने १७८९ मध्येच सांगितलं की, प्रश्न प्राण्याच्या बुद्धीचा नाही, वेदनेचा आहे. पण त्याच्या सुखदुःखाच्या हिशेबात पोरांचा आनंदही जमेला धरावा लागतो, आणि तिथेच मला तो अपुरा वाटतो. दहा जण हसले म्हणून कुत्र्याचं भेदरणं हलकं होतं का? जर्मन तत्त्वज्ञ कांटला प्राण्यांविषयी थेट कर्तव्य मान्य नव्हतं. क्रौर्याने माणसांबद्दलची कणवही बोथट होते, एवढंच त्याचं म्हणणं. ॲरिस्टॉटलची वाट मला पटते: माणसाला कशात आनंद वाटतो यावरून त्याचा स्वभाव कळतो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारेही मासे मारतात, पण पोटासाठी. तडफड बघायला नव्हे.