पेन ड्राइव्हवर मराठी नावांचा गोंधळ: ड्रायव्हर लिहायच्या आधी माउंटची ओळ बघा

तुमची पोस्ट वाचली. सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटर बघता, डिझाइनच्या फायली लिनक्सच्या डब्यावरून (विकत घेतलेल्या तयार कॉम्प्युटरवरून) पेन ड्राइव्हवर जातात, डब्यावर नावं झकास दिसतात आणि तोच ड्राइव्ह विंडोजला लावला की सगळीकडे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि येनची खूण. म्हणून आता फ्यूजमध्ये (कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, हात न लावता फाईल सिस्टिम लिहायची सोय) स्वतःचा छोटा ड्रायव्हर लिहून नावं मधल्यामध्ये बदलायचा तुमचा विचार आहे. हेच दुखणं आमच्याकडे चादरीच्या एका कारखान्यात होतं, म्हणून जरा लांबण लावतो. युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना दिलेले क्रमांक), माउंट (ड्राइव्ह सिस्टिमला जोडणं) वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडून देतो.

आधी जीव भांड्यात पडू द्या, नावं हरवलेली नाहीत. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड बाइटमध्ये लिहायची एक पद्धत) ३ बाइट घेतं. हेक्समध्ये (सोळाच्या पायाने) लिहिला तर पहिला बाइट कायम ई०, दुसरा ए४ नाहीतर ए५. लॅटिन-१ या जुन्या युरोपी संकेतात ई० म्हणजे तो रेघवाला ए, ए४ म्हणजे चार टोकं फुटलेली गोल खूण आणि ए५ म्हणजे येन. व्यंजनं ए४ मध्ये येतात. दीर्घ ईकार, उकार, एकार, हलन्त ए५ मध्ये. आपल्या गावात नावं तेलुगू नि कन्नडमध्येही असतात, तर तेही सांगून ठेवतो: रेघवाल्या ए-नंतर अंशाची किंवा अधिक-उण्याची खूण असेल तर मूळ नाव तेलुगू, वर चढवलेला २ किंवा ३ असेल तर कन्नड. एवढ्यावरून डिझाइन काढणाऱ्या कुठल्या मास्तरची फाईल आहे ते न उघडता कळतं.

आता हे होतं कुठे? फॅटवर (पेन ड्राइव्हवर फायली ठेवायची नेहमीची पद्धत) लांब नाव यूटीएफ-१६ मध्ये, म्हणजे युनिकोडच्या दुसऱ्या एका पद्धतीत, साठवतात. ती वाचणाऱ्या लिनक्सच्या व्हीफॅट ड्रायव्हरला तुमच्याकडून बाइट मिळतात आणि ते कुठल्या संकेतातले आहेत हे त्याला आयओचारसेट या ऑप्शनवरून कळतं. मूळ कर्नलमध्ये तो न सांगता आयएसओ ८८५९-१, म्हणजे वरचाच लॅटिन-१, असतो. म्हणजे तुमच्या ‘म’चे ३ बाइट ड्रायव्हरने ३ वेगळी युरोपी अक्षरं समजून ड्राइव्हवर लिहिले. वाचताना तोच उलटा प्रवास करतो, त्यामुळे डब्यावर सगळं ठीक. खोटं बोलणाऱ्याने स्वतःच साक्ष द्यावी तसला प्रकार.

डेस्कटॉपवर ड्राइव्ह आपोआप माउंट होतो तेव्हा सोबत यूटीएफ८ हा ऑप्शन लागतो, म्हणून घरच्या उबुंटूवर हे कधी दिसत नाही. एफस्टॅबमध्ये (काय कसं माउंट करायचं त्याची यादी असलेली फाईल) हाताने ओळ लिहिली की, किंवा डबा विकणाऱ्याने लिहिलेली असली की, तो राहून जातो. तिथे यूटीएफ८ एवढाच शब्द वाढवा. आयओचारसेटलाच यूटीएफ८ करू नका, नेटवर बरेच जण तसं सांगतात. त्याने फॅटवर लहान-मोठी रोमन अक्षरं वेगळी धरली जातात आणि कर्नल स्वतः तशी ताकीद लॉगमध्ये छापतो.

ऑप्शन लावल्यावर जुनी नावं डब्यावरही बिघडलेली दिसतील. घाबरू नका, ड्राइव्हवर खरोखर जे लिहिलंय ते आत्ता दिसतंय. दुरुस्तीला कुठलंही टूल लागत नाही असं माझं ठाम मत आहे. ड्राइव्ह पुन्हा जुन्या चुकीच्या पद्धतीने माउंट करा, फायली डब्याच्या स्वतःच्या डिस्कवर, म्हणजे लिनक्सच्या ईएक्सटी४ फाईल सिस्टिमवर, कॉपी करा (तिथे नावं नीट उतरतात), मग नीट माउंट करून दुसऱ्या कोऱ्या ड्राइव्हवर टाका. त्याच ड्राइव्हवर विंडोजवरून टाकलेल्या फायली असतील तर त्या चुकीच्या माउंटमध्ये नुसत्या प्रश्नचिन्हांच्या दिसतील. त्यांना तेव्हा हात लावायचा नाही, त्या नीट माउंटमधून वेगळ्या घ्यायच्या.

टूलच हवं तर फायलींच्या नावांचा संकेत बदलणारं कॉनव्हएमव्ही आहे. ते आधी नुसतं काय करणार ते दाखवतं, वेगळं सांगितल्याशिवाय काही बदलत नाही, ही त्याची मोठी सज्जनता. दिशा यूटीएफ-८ कडून लॅटिन-१ कडे. इथे विंडोज १२५२ (लॅटिन-१ सारखाच विंडोजचा जुना संकेत) निवडू नका. १२५२ मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या जागा रिकाम्या आहेत आणि आपल्या हलन्ताचा तिसरा बाइट नेमका ८डी, ऱ्हस्व उकाराचा ८१, ‘झ’चा ९डी. म्हणजे जोडाक्षर आलं की गाडी अडलीच. उलट बिघडलेल्या नावात दीर्घ ईकाराच्या जागी युरोची खूण दिसत असेल तर ते नाव १२५२ मधून गेलंय, बहुधा कुठल्यातरी जुन्या झिपच्या प्रोग्रॅममधून. ती केस वेगळी, तिचा वेगळा धागा काढा.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आमच्या कारखान्याने डबा विकणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली. नाव घेत नाही. त्यांच्या सपोर्टवाल्याने दुरून स्क्रीन घेतली, बॅकअप आहे का हे विचारलंसुद्धा नाही आणि ‘नावं साफ करणारी’ एक स्क्रिप्ट चालवली. तिने काय केलं, तर इंग्रजी नसलेल्या प्रत्येक चिन्हाच्या जागी अंडरस्कोअर. आता ‘मोर जाळी’ बघा: तीन चिन्हं, मोकळी जागा, चार चिन्हं. ‘फूल जाळी’ बघा: तीन, मोकळी जागा, चार. दोन्हींचं नाव तेच झालं आणि दुसरी पहिलीच्या उरावर बसली. अशा किती जोड्या झाल्या ते मास्तर मागावर लावायला डिझाइन शोधायला लागले तेव्हा हळूहळू कळत गेलं. बाकीच्या फायली एकेक उघडून, ग्राफ बघून नावं परत द्यावी लागली. पण खाली दबलेली डिझाइनं गेली ती गेलीच. मास्तरांनी जुन्या चादरींचे तुकडे समोर ठेवून ती घर-घर मोजत परत काढली, ऐन सीझनला. विचारायला फोन केला तर उत्तर काय? “काय ओ सर, इंग्रजीत नाव ठेवायला काय होतंय?” आणि तक्रार ‘सोडवली’ म्हणून बंद. ज्या मास्तरने आयुष्यभर मराठी-तेलुगूत डिझाइन ओळखलं त्याने या साहेबांच्या सोयीसाठी नावं बदलायची! असो. कुणालाही स्क्रीन द्यायच्या आधी ड्राइव्हची अख्खी प्रत काढून ठेवा.

फ्यूजचा ड्रायव्हर तरीही लिहायचा असेल (शिकायला म्हणून जरूर लिहा) तर माझी अट एकच: जे रूपांतर उलट फिरवता येत नाही ते करूच नका. चिन्ह बसत नसेल तर सरळ एरर परत करा, प्रश्नचिन्ह टाकू नका. व्हीफॅट तसं टाकतो. दोन वेगळी नावं एकाच प्रश्नचिन्हांच्या माळेत बसली की कुठली फाईल उघडली ते देव जाणे. त्यातच युनी-एक्सलेट नावाचा ऑप्शन आहे, तो अपूर्णविराम आणि चार हेक्स अंक लिहितो. दिसायला गबाळं, पण माहिती टिकते. लिनक्सचा जुना एनटीएफएस (विंडोजच्या डिस्कची फाईल सिस्टिम) ड्रायव्हर तर न बसणारं नाव यादीतून गाळूनच टाकायचा, माणूस म्हणणार फाईल उडाली.

नावं ‘शुद्ध’ करायच्या भानगडीतही पडू नका. ‘कऱ्हाड ऑर्डर’ अशी फाईल घ्या. त्यातला ऱ एकाच चिन्हाचा असू शकतो (०९३१), र आणि खाली नुक्ता (टिंब) असा असू शकतो, किंवा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) असाही. मॅकची जुनी फाईल सिस्टिम एचएफएस प्लस पहिल्याला गुपचूप दुसरा करते. ईएक्सटी४ एरवी बाइट तेवढे बघतो, त्याच्या लेखी या तीन वेगळ्या फायली. शोधताना हवं तर तिन्ही एक धरा, पण लिहिताना आलेले बाइट जसेच्या तसे.

लांबीचंही बघा. एनटीएफएस आणि फॅटवर २५५ यूटीएफ-१६ एकक चालतात, ईएक्सटी४ वर २५५ बाइट, म्हणजे मात्रा-हलन्त वेगळे मोजून मराठीची जेमतेम ८५ चिन्हं. पार्टीचं नाव, रंग, तारीख, साइज सगळं नावातच कोंबायची आपल्याकडे सवय आहे, तेव्हा विंडोजवरून आलेली फाईल डब्यावर ‘नाव फार लांब’ म्हणून अडली तर संकेताला दोष देऊ नका.

मी कर्नल लिहिणारा नाही, कारखान्यांचे कॉम्प्युटर बघणारा माणूस आहे. वरचं सगळं मूळ कर्नलबद्दल आहे, डबेवाल्याने त्यात स्वतःचे बदल केले असतील तर वागणूक वेगळी निघेल. तेव्हा ड्राइव्ह लावलेला असताना माउंट कमांड काय ओळ दाखवते ती आणि एका बिघडलेल्या फाईलच्या नावाचे हेक्स बाइट इथे टाका. फ्यूजचं त्यानंतर बघू.