प्रायमरीत जास्त मते मिळवणाऱ्यालाच जास्त डेलिगेट मिळतात का?

राज्याची प्रायमरी जिंकलेला उमेदवार डेलिगेटांच्या संख्येत मागे कसा पडू शकतो, असे आपण विचारले आहे. प्रायमरी म्हणजे अमेरिकेत पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत होणारे मतदान, आणि डेलिगेट म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात तो उमेदवार निवडणारे प्रतिनिधी. 2008 साली टेक्सासमध्ये नेमके हेच घडले. 4 मार्चच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत हिलरी क्लिंटन यांना सुमारे 51 टक्के आणि बराक ओबामा यांना सुमारे 47 टक्के मते पडली; डेलिगेट मात्र अखेरीस ओबामांचे 99 आणि क्लिंटन यांचे 94 झाले.

एकूण 193 पैकी 126 डेलिगेट प्रायमरीतून ठरायचे होते, पण राज्यभरच्या बेरजेवरून नव्हे, तर राज्य सिनेटच्या 31 मतदारसंघांतून. आणि ज्या मतदारसंघाने आधीच्या निवडणुकांत पक्षाला भरभरून मते दिली होती, त्याच्या वाट्याला अधिक जागा होत्या. खरी गंमत पूर्णांकांत आहे. चार डेलिगेटांच्या मतदारसंघात 60 विरुद्ध 40 टक्के असा दणदणीत निकाल लागला, तरी वाटणी दोन-दोन अशीच होते, कारण तिसऱ्या डेलिगेटासाठी साडेबासष्ट टक्क्यांच्या पुढे जावे लागते. याउलट तीन डेलिगेट असतील, तर 51 टक्केवालासुद्धा दोन घेऊन जातो. त्यामुळे प्रायमरीतून क्लिंटन यांना 65 आणि ओबामांना 61, एवढाच फरक पडला.

उरलेले 67 कॉकसमधून, म्हणजे मतदारांच्या स्थानिक पक्षसभांमधून, ठरायचे होते. मी तेव्हा ह्यूस्टनला होतो. मला मताधिकार नव्हता, पण आमचे शेजारी सकाळी मत देऊन आले आणि संध्याकाळी सातनंतर पुन्हा त्याच केंद्रावर गेले, हे चांगले आठवते. तिथे छापील तक्त्यावर आपले नाव आणि आपण कोणाच्या बाजूचे, हे लिहून सही करायची होती. गुप्त मतदानाची सवय असलेल्या मला हे जरा विचित्रच वाटले. रात्री पुन्हा रांगेत उभे राहणारे समर्थक ओबामांकडे अधिक होते, आणि ही वाटणी शेवटी 38 विरुद्ध 29 अशी झाली. 2016 पासून टेक्सासमध्ये ही दुहेरी पद्धत राहिलेली नाही.

रिपब्लिकन पक्षात नियम राज्यागणिक बदलतात. दक्षिण कॅरोलायनात 2016 साली डोनाल्ड ट्रम्प यांनी साडेबत्तीस टक्के मतांवर 50 पैकी 50 डेलिगेट मिळवले, कारण तिथे राज्यात पहिला येणाऱ्याला 29 आणि अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) तिथल्या सातही मतदारसंघांत पहिला येणाऱ्याला प्रत्येकी तीन, असा हिशेब होता. त्यांचे प्रतिस्पर्धी मार्को रुबियो आणि टेड क्रूझ यांना प्रत्येकी 22 टक्क्यांच्या वर मते होती. किमान 15 टक्के मते मिळवणाऱ्याला मतांच्या प्रमाणात डेलिगेट, ही डेमोक्रॅटिक पक्षाची अट तिथे लागू असती, तर दोघांनाही वाटा मिळाला असता. प्रत्यक्षात एकही डेलिगेट हाती लागला नाही.