पोट भरल्याचे मूल कसे सांगते?

"मोबाईल लावल्याशिवाय लेकरू तोंडच उघडत नाही," ही तक्रार लातूरमध्ये माझ्याकडे दर आठवड्याला येते. औशाजवळच्या गावातून आलेल्या एका आईचीही तीच होती. मुलगा अडीच वर्षांचा. वजन-उंची वयाप्रमाणे असल्याचे बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेले. तरी एकेका जेवणाला तास लागे, आणि त्यांच्या मोबाईलच्या काचेवर वरणाचे वाळलेले ठिपके होते. या वयाला दिवसभरात १ तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, असे जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते. इथे जेवणांतच तीन तास जात होते.

मी विचारले, "पोट भरलं की तो कसं सांगतो?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. "सांगतच नाही, मॅडम. वाटी संपली की मी थांबते."

माझ्या लेखी गाठ तिथेच सुटली. कार्टूनमध्ये गुंतलेले मूल घास गिळते, पण भूक आणि तृप्ती या दोन्ही जाणिवांकडे त्याचे लक्षच जात नाही. काय, केव्हा, कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे आणि किती खायचे हे मुलाने, ही अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची मांडणी मी अनेक वर्षे मानत आले आहे. पहिल्या वर्षात वजन तिप्पट करणारे मूल दुसऱ्या वर्षी जेमतेम दोन-अडीच किलोने वाढते, त्यामुळे त्याची भूक मंदावणे स्वाभाविकच असते.

पुढच्या भेटीत आजी म्हणाल्या, "लेकराला उपाशी ठेवायचं का मग?"

"नाही आजी, त्याला भूक लागू द्यायची."

दिवसभर दूध-बिस्किटे चालू होती. दूध दोन कपांवर आणले, दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचे अंतर ठेवले, अर्ध्या तासाने न रागावता ताट उचलायचे ठरले आणि वडिलांसकट सर्वांचे मोबाईल जेवताना दुसऱ्या खोलीत गेले.

तीन दिवस रडण्यात गेले. चौथ्या दिवशी त्याने आजोबांच्या ताटातला भाकरीचा तुकडा वरणात बुडवून स्वतःच्या हाताने खाल्ला. निम्मे वरण अंगावर सांडले. तिसऱ्या आठवड्यात आई सांगत होत्या, "काल ताट सरकवून 'झालं' म्हणाला. अर्धी भाकरी तशीच होती. मी उचललं ताट."

मुलाच्या 'झालं'पेक्षा मला त्यांचे ते शेवटचे वाक्य अधिक मोलाचे वाटते.

मात्र वजन घटत असेल, गिळताना वारंवार ठसका लागत असेल किंवा मूल हाकेला प्रतिसाद देत नसेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.